"पेपरात येईल का हो हे?" : मराठवाड्यातील पत्रकारांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील दैनिकांचे आवृत्तीप्रमुख, तालुका वार्ताहर आणि मोबाइलवर बातम्यांचे चॅनेल चालवणारे सर्व पत्रकार बंधू-भगिनी यांस,

सप्रेम नमस्कार.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत मुलांसोबत राहणारी मी एक सहायक व्यक्ती आहे. आमची नेमणूक बालकल्याण समिती करते. जबाबाच्या वेळी, दवाखान्यातल्या तपासणीला आणि पुढे कोर्टात साक्षीला लेकराशेजारी बसायचे, आणि आता काय होणार आहे ते त्याला आणि घरच्यांना कळेल अशा भाषेत सांगायचे, हे आमचे काम. माझे नाव आणि जिल्हा मी मुद्दाम लिहिलेला नाही. आपल्याकडे माणसावरून तालुका, तालुक्यावरून गाव आणि गावावरून घर ओळखायला एक चहा पुरतो.

पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसलेली आई पहिला प्रश्न काय विचारते, हे मला तुमच्या कानावर घालायचे आहे. आरोपीला शिक्षा किती होईल, हे ती नंतर विचारते. आधी विचारते, "मॅडम, पेपरात येईल का हो हे?" काही जणी एवढे विचारतात आणि माझे उत्तर पूर्ण व्हायच्या आत पदर सावरून उठतात. "राहू द्या मग. आमचं आम्ही बघतो." त्या उठल्या की ते लेकरू परत त्याच घरात, त्याच गल्लीत, त्याच माणसासमोर जाते.

बातमी लिहिताना तुमच्या डोळ्यासमोर वाचक म्हणून कोण असते ते मला माहीत नाही. माझ्या डोळ्यासमोर मात्र एक घर असते. त्या घरातले लेकरू काल रात्री आईला काहीतरी बोलले आहे. आईला रात्रभर झोप नाही. सकाळी तिच्या हातात तुमचा पेपर किंवा तुमची लिंक आहे. पोलिसांत गेल्यावर काय होते, डॉक्टर काय करतात, कोर्टात मुलीला काय विचारतात, गाव काय म्हणते, यातले काहीही तिला शाळेत शिकवलेले नाही आणि घरात कुणी बोललेले नाही. तिला जे ठाऊक आहे ते सगळे बातम्यांतून आलेले. तक्रार द्यायची की गप्प बसायचे, हे ती त्या माहितीवर ठरवते. म्हणून हे पत्र तुम्हाला.

तपशील पूर्ण बदलून एक बातमी सांगते. मुलीचे नाव त्यात नव्हते. गावाचे नाव होते. मुलगी सहावीत शिकते, आईवडील ऊसतोडीला गेलेत, ती आजीजवळ राहते, घर मारुतीच्या पाराजवळ आहे, आरोपी नात्याने चुलता लागतो, हे सगळे होते. आरोपीचे नाव आडनावासकट होते. खाली कंसात 'पीडितेची ओळख गोपनीय ठेवण्यात आली आहे' असेही छापले होते. हजार-बाराशे वस्तीचे गाव, शाळेत सहावीचा एकच वर्ग. संध्याकाळपर्यंत ते कात्रण पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होते. पुढच्या आठवड्यात आजीने शाळेतून दाखला काढला आणि मुलीला दुसऱ्या तालुक्यात मावशीकडे नेऊन घातले. त्या मुलीला शाळा आवडायची. कबड्डीच्या संघात ती होती. अत्याचाराने जे तिच्याकडून गेले ते गेलेच, पण शाळा आणि मैत्रिणी तिच्यापासून बातमीने तोडल्या.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, म्हणजे पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचे कलम २३ तुमच्याचसाठी आहे. नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती, शाळा, परिसर आणि ज्यावरून मूल ओळखू येईल अशी कोणतीही गोष्ट प्रसिद्ध करता येत नाही. विशेष न्यायालयाने मुलाच्या हितासाठी लेखी परवानगी दिली तरच त्याला अपवाद. उल्लंघनाला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दंड किंवा दोन्ही. यात वार्ताहर एकटा अडकत नाही, प्रकाशक आणि मालकही जबाबदार धरले जातात. बालन्याय कायद्याचे कलम ७४ पुन्हा तेच सांगते. ११ डिसेंबर २०१८ रोजी निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूल हयात नसले तरी त्याची ओळख उघड करायची नाही, आणि पोक्सोची एफआयआर सार्वजनिक करायची नाही. त्याच वर्षी जम्मूतल्या कठुआच्या प्रकरणात, अत्याचारात मारल्या गेलेल्या मुलीची ओळख उघड केली म्हणून, दिल्ली उच्च न्यायालयाने देशातल्या मोठमोठ्या माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले होते.

नाव टाळले म्हणजे कायदा पाळला, असे आपल्याकडे अजून समजले जाते. खेड्यात नावाची गरजच नसते. आरोपी बाप, चुलता, मामा, आजोबा असेल आणि त्याचे पूर्ण नाव छापले, तर मुलीचे नाव छापल्यासारखेच आहे. अशा वेळी एकतर नाते लिहा किंवा नाव, दोन्ही एकत्र नको. आणि नुसत्या नावावरूनही घर कळत असेल तर नाव सोडा. गावाऐवजी जिल्हा लिहिला तरी वाचकाचे काही अडत नाही. व्हिडिओवाल्या मित्रांना तर कळकळीने सांगते. आईचा चेहरा तुम्ही धूसर करता, पण तिचा आवाज तोच असतो. मागे दिसणारा निळा दरवाजा, दारातला लिंब, उभी केलेली मोटारसायकल तशीच असते. गावातल्या माणसाला दरवाजा पुरतो. आणि पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, तुमची लिंक जात नाही. मुलगी अठरा वर्षांची होईल, तिचे लग्न जमवायची वेळ येईल, तेव्हाही कुणीतरी शोधून ती लिंक पाठवेल. जुने व्हिडिओ आजही काढता येतात. ते काढा.

ओळखीइतकाच दुसरा प्रश्न मला छळतो. बातम्या वाचून आपल्या लोकांच्या मनात अत्याचार करणाऱ्याचे चित्र कसे तयार झाले आहे? 'नराधम', 'लिंगपिसाट', 'वासनांध'. शेजारी लाल डोळ्यांचे, वाढलेल्या नखांचे, अंधारातून येणारे रेखाचित्र. हे वाचलेली आई लेकीला काय शिकवते? अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, सांजच्याला एकटी फिरू नको. आणि मी ज्या मुलांशेजारी बसते, त्यांच्यातल्या बहुतेकांना त्रास देणारा माणूस घरात जेवायला बसणारा असतो. शिकवणीवाला, शेजारचा दादा, भजनाला येणारा, वडिलांचा मित्र, सख्खा मामा. गुन्हे नोंदणीची आकडेवारी वर्षानुवर्षे हेच दाखवते की मुलांवरील बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचा असतो. या माणसाला लाल डोळे नसतात. तो यात्रेतून खेळणे आणतो, आजारपणात पैसे देतो. म्हणून मूल जेव्हा त्याचे नाव सांगते, तेव्हा आईच म्हणते, "ते तसले नाहीत गं." तसले म्हणजे कसले, हे तिला बातम्यांनी शिकवलेले असते.

यालाच जोडून एक गोष्ट आहे, ती बाहेरून चटकन दिसत नाही. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सर्वांत गंभीर प्रकारासाठी फाशीची तरतूद आली. तेव्हापासून कुठलीही घटना घडली की 'फाशी द्या'चे फलक आणि त्या फलकांचे मथळे. लोकांचा संताप खरा असतो, मी तो संताप समजू शकते. पण ज्या घरात आरोपी कमावता चुलता आहे, त्या घरात हा मथळा वाचून काय बोलणे होते ते मी ऐकले आहे. "तुझ्या एका शब्दानं काकाला फाशी होईल, त्याच्या लेकरांनी कुठं जायचं?" असे दहा वर्षांच्या मुलीला सांगितले जाते. ती दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर "काही झालंच नव्हतं" म्हणते. कायद्यात पायऱ्या आहेत. वाईट हेतूने शरीराला हात लावला तर तीन ते पाच वर्षे, आरोपी नात्यातला किंवा मूल बाराच्या आतले असेल तर पाच ते सात. लैंगिक छळाला तीन वर्षांपर्यंत. बलात्काराला किमान दहा, मूल सोळाच्या आतले किंवा आरोपी नात्यातला असेल तर किमान वीस. एवढे एका ओळीत छापले तरी पुष्कळ घरांतला तो धाक सैल होईल. आणि 'नुसता हात लावला' म्हणून सोडून दिलेली गोष्टही गुन्हा आहे, हे पुष्कळांना पहिल्यांदा कळेल.

बदलापूरचे प्रकरण आठवा. ऑगस्ट २०२४. चार वर्षांच्या दोन मुली, शाळेतलाच कर्मचारी, आणि तक्रार घ्यायला पोलिसांनी कित्येक तास लावलेले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. त्या रात्री आपल्या भागातल्या चॅनेलांवरही 'न्याय झाला' असे चालले होते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या मृत्यूसाठी पाच पोलिसांना जबाबदार धरले गेले. माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेने काय दडवले, तक्रार का अडकली, आपल्या जिल्ह्यातल्या शाळांत मुलींच्या स्वच्छतागृहाकडे कोण जाते, हे विचारणाऱ्या बातम्या त्या गोळीनंतर किती दिवस चालल्या? आपल्याकडच्या एका तरी पानावर तालुक्यातल्या शाळांची तपासणी झाली का?

मुलग्यांबद्दल तर काहीच येत नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालअत्याचाराचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्ये, १२,४४७ मुले, महाराष्ट्रही त्यात होता. निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि तो सोसलेल्यांत मुलगे ५२.९४ टक्के होते. पोक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. वसतिगृहातला, आश्रमशाळेतला, तालमीतला, हॉटेलात कप धुणारा पोरगा बातमीत आलाच तर 'अनैसर्गिक कृत्य' या दोन शब्दांत संपतो. मुलाला वाटते आपल्याबरोबर झाले ते कुणाबरोबर होतच नसेल. बापाला वाटते, पोराला काय होतंय.

आता आपल्या मराठवाड्याचे म्हणून जे आहे त्यावर थोडे थांबते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या विवाहित-अविवाहित स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के निघाले. परभणीत ४८ टक्के, बीडमध्ये ४३.७. ऊसतोडीला नवरा-बायकोने जोडीने कोयता धरला तर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते, लेकीला एकटी मागे ठेवायची भीती असते, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्ने उरकतात. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पत्नी अठराच्या आतली असेल तर तो संबंध बलात्कारच. तरीही आपल्या पानांवर बालविवाह 'प्रथा' म्हणून येतो, 'सामाजिक समस्या' म्हणून येतो, मुलावरचा अत्याचार म्हणून येत नाही. बालविवाह रोखल्याच्या बातमीत तर सरळ फोटो असतो. मध्ये हळद लागलेली मुलगी, बाजूला अधिकारी, सरपंच, पोलीस पाटील. त्या मुलीला उद्या त्याच गावात राहायचे आहे, आणि मांडव मोडल्याचा राग सगळ्यांनी तिच्यावरच काढायचा आहे. अधिकाऱ्यांचा फोटो छापा, तिचा नको.

२०२१ च्या नोव्हेंबरात बीड जिल्ह्यातले एका अल्पवयीन मुलीचे प्रकरण देशभर गाजले. किती जणांवर आरोप आहे तो आकडा प्रत्येक मथळ्यात होता, आणि लोकांच्या लक्षातही तोच राहिला. आज कुणालाही विचारा, आकडा सांगतील. मुलगी बालविवाह झालेली होती आणि आपण आधी पोलिसांकडे गेलो होतो असे तिचे म्हणणे होते, हे कितींना आठवते? तिच्यापर्यंत वेळेत कोण पोहोचू शकले असते, हे त्या दोन गोष्टींतून कळते. आकड्यातून काहीच कळत नाही.

'प्रेमप्रकरणातून', 'फूस लावून' या शब्दांबद्दलही लिहायला हवे, कारण इथे गुंता आहे आणि तो मी नाकारत नाही. सतरा वर्षांची मुलगी एकोणीस वर्षांच्या मुलाबरोबर निघून जाते, बाप पोक्सोखाली तक्रार देतो, अशा केसेस आहेत. कोर्टांपुढेही तो प्रश्न आहे. पण ती केस आणि तेरा वर्षांच्या मुलीला पस्तिशीच्या माणसाने मोबाइल घेऊन देऊन जाळ्यात ओढलेली केस, दोन्हींची बातमी त्याच साच्यातून निघते. मग चावडीवर दोनच मते तयार होतात. एक, पोक्सो म्हणजे पळून गेलेल्या पोरींच्या खोट्या केसेस. दोन, पोरगीच तसली. दोन्ही मतांची किंमत त्या तेरा वर्षांच्या मुलीने भरायची. वय आणि वयातले अंतर स्पष्ट लिहा आणि 'प्रेम' हा शब्द आरोपीच्या वकिलासाठी राहू द्या.

बातमी पहिल्या दिवशी येते, दुसऱ्या दिवशी 'आरोपीला चार दिवसांची कोठडी' येते आणि तिथे थांबते. मुलाची साक्ष, निकाल, अपील, मदत यातले काही नाही. साक्षीला मी बसते, म्हणून सांगते, त्या आईला जे छापील स्वरूपात हवे असते ते असे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या ठिकाणी घ्यायचा असतो, आणि घेणारे पोलीस वर्दीत नसतात. लेकराला रात्री ठाण्यात थांबवता येत नाही. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरच करते, आई किंवा विश्वासाचे माणूस तिथे असते. खटला बंद दारांआड चालतो. साक्ष देताना मूल आरोपीच्या नजरेसमोर येऊ नये याची काळजी कोर्टाने घ्यायची असते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांना देतात आणि न्यायाधीश विचारतात. मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत मिळते, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचे. यातले बरेच काही प्रत्यक्षात नीट होत नाही. ठाण्यात वर्दीतच जबाब घेतात, पडदा नसतो, मदतीचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. ते होत नाही, हीच तर बातमी आहे. ती तुमच्याशिवाय कोण देणार? माझ्या ओळखीतल्या एका आईने वकिलांच्या उलटतपासणीच्या भीतीने दोन वेळा तारीख चुकवली होती. प्रश्न न्यायाधीश विचारतात हे समजल्यावर ती म्हणाली, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर!" तिच्या घरी रोज पेपर येतो.

तालुका वार्ताहराची परिस्थिती मला माहीत आहे. पगार नाही, जाहिरातीच्या कमिशनवर घर चालते, संध्याकाळी सहापर्यंत बातमी पाठवायची असते, आणि समोरच्या दैनिकाने गावाचे नाव दिले की दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन येतो, आपल्याकडे का नाही म्हणून. बहुतेक तपशील तर ठाण्यातल्या ग्रुपवरच पडतात, एफआयआरचा फोटोसुद्धा. त्या बाबतीत पोलिसांना स्वतंत्र पत्र लिहायला हवे आणि मी लिहीन. पण ग्रुपवर पडले म्हणून छापायला परवानगी मिळत नाही. म्हणून माझा रोख आवृत्तीप्रमुखांवर जास्त आहे. गावाचे नाव न दिल्याबद्दल वार्ताहराला जाब विचारला जाणार नाही, एवढे तुम्ही त्याला लेखी कळवा. पान लावताना कलम २३ च्या नजरेने एकदा वाचणारे एक माणूस डेस्कवर ठेवा. रेखाचित्रातली ती कोपऱ्यात गुडघ्यात डोके घातलेली मुलगी काढून टाका, ती पाहून आमच्या मुली विचारतात, आता मी अशीच दिसायची का?

आणि प्रत्येक बातमीखाली दोन ओळींची चौकट द्या: मुलांसाठी मदत क्रमांक १०९८, चोवीस तास, मोफत, तातडीला ११२, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता. दोन ओळींना जाहिरातीची जागा जात नाही.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतील. लेकरे आजी-आजोबांकडे, हंगामी वसतिगृहांत किंवा फडावरच्या कोपीत जातील. त्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी तालुका वार्ताहरांची एक बैठक लावा. मी येईन, माझ्यासारख्या इतर जिल्ह्यांतल्या सहायक व्यक्तीही येतील. सोबत कलम २३ चे एका पानावरचे सोपे मराठी घेऊन येऊ आणि तुमच्याच जुन्या बातम्या, नावे-गावे झाकून, समोर ठेवून बसू. कोणता शब्द काढला तरी बातमी उभी राहते, हे तुम्हीच आम्हाला सांगा, तुमचा हात त्यात मुरलेला आहे. तारीख आणि जागा बालकल्याण समितीमार्फत कळवली तरी आमच्यापर्यंत पोहोचते.

आपली,
मराठवाड्यातील एक सहायक व्यक्ती